आबांचं पेट्रोलवरचं औत

आमच्या घरी गवत कापायचं एक मशीन आहे. दोरी ओढून सुरू करायचं, दांडा धरायचा आणि मागून चालत राहायचं. ते घरात आलं त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून खालचं पातं पाहिलं आणि म्हणाले, "औत हाय की!" त्या दिवसापासून ते औतच. आमच्या घरात एखाद्या गोष्टीचं बारसं आबांनी केलं की विषय संपला.

धायरीतली आमची जमीन आता इमारतींच्या पोटात गेली आहे. पूर्वी जिथे ज्वारी होती तिथे आता लिफ्ट आहे. उरला आमचा बंगला आणि त्याच्या पुढ्यातला हिरवळीचा एक तुकडा. ही हिरवळ आमच्या ह्यांची हौस. कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांना एकदम निसर्ग आठवला. आबा तेव्हा महिनाभर धुसफुसत होते. "दारात खायाला जनावर न्हाई आन ह्यो गवत लावतोय!" असं येईल-जाईल त्याला सांगायचे. मग मशीन आलं. ह्यांनी ते दोन-चार वेळा चालवलं, कंबर धरली आणि निसर्ग आबांच्या हवाली केला.

आणि आबा बदलले. ऐंशी कधीच ओलांडलेला माणूस, पण सकाळी टोपी घालून, धोतराचा काचा मारून त्या दांड्याला हात लावला की पाठ ताठ व्हायची. मशीनची एक फेरी म्हणजे त्यांच्या भाषेत एक तास, नांगरामागे पडणाऱ्या चरासारखा. दोरी लावल्यासारखे सरळ तास. कापलेलं गवत पोत्यात भरून गोठेवाल्याच्या म्हशींना घालून यायचे आणि येताना म्हशींची खुशाली घेऊन यायचे. सरळपणाचं तर त्यांना वेडच. ह्यांनी मशीन धरलं की "सरळ धर", लेक गाडी लावायला लागली की "सरळ घे", मी रांगोळी काढायला बसले तरी मागून "सरळ". अहो, कमळ काढतेय मी, कमळ सरळ कसं काढू?

मी मूळची शनिवार पेठेतली. आमची बाग म्हणजे गॅलरीतल्या दोन कुंड्या, आणि त्यांतल्या एकीत वाळत घातलेली पायपुसणी. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे आबा मला पहिल्यापासून "बाई" म्हणत आणि अहो-जाहो करत. मान मोठा होता, पण मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. "औताला बाईमाणसानं हात लावू न्हाई," हा त्यांचा नियम.

"आबा, ह्याला बैल लागत नाहीत, पेट्रोल लागतं," मी एकदा म्हटलं.

"म्हून काय झालं?" ते म्हणाले.

मी मनातल्या मनात फणफणले आणि कुकर लावायला आत गेले. खोटं कशाला सांगू, राग यायचा. हौस म्हणून तरी एक फेरी मारावी असं फार वाटायचं.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला आबांनी औताची यथासांग पूजा केली. आमच्याकडे त्या दिवशी विळी-कोयत्यापासून गाड्यांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मशीन धुतलं, पुसलं, दांड्याला झेंडूची माळ घातली, पुढे नारळ फोडला. इंजिनाच्या माथ्यावर पेट्रोलच्या टाकीचं काळं गोल झाकण आहे. आबांच्या मते तेच त्याचं कपाळ. तिथे तेलात कालवलेलं हळदकुंकू अंगठ्याने ठसठशीत लावलं. इतकं सुंदर दिसत होतं की लेकीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवले.

दसरा झाला आणि औत बिघडलं.

बिघडलं म्हणजे कसं, तर सुरू व्हायचं. छान धडधडत निघायचं आणि मधल्या पारिजातकापर्यंत गेलं की आचके देत बंद पडायचं. मग दोरी ओढा, पुन्हा ओढा, काही नाही. आमचे हे धावत यायचे, झाकण उघडून पेट्रोल आहे का बघायचे. पेट्रोल असायचंच. झाकण लावून दोरी ओढली की मशीन परत सुरू! आणि परत पारिजातकापाशी गार. झाकण उघडताना "फुस्स" असा एक बारीक आवाज यायचा. आबा म्हणायचे, "उसासा टाकतंय बघा. कायतरी सलतंय त्याच्या मनात."

ह्यांनी आयुष्यभर कारखान्यातली यंत्रं सांभाळली, त्यामुळे हा त्यांच्या अब्रूचा प्रश्न झाला. आधी पेट्रोल शिळं आहे असं ठरलं. नवीन आणलं. मग प्लग काढून घासला, मग प्लगच बदलला. मग हवेची जाळी काढून माझ्या भांडी घासायच्या साबणाने धुतली आणि वाळत घातली ती माझ्या पापडांशेजारी. प्रत्येक दुरुस्तीनंतर हे एकदा झाकण उघडून पेट्रोल बघत, दोरी ओढत, मशीन सुरू होई, आणि हे माझ्याकडे असे बघत की जणू आत्ताच नोबेल जाहीर झालं. तेवढ्यात पारिजातक यायचा.

"अहो, त्या झाडालाच विचारा काय ते," मी म्हटलं.

"अगं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार. तुला नाही कळायचं."

बरं बाई. नाही कळायचं. मग दुचाकींचा एक मेकॅनिक आला. त्याने कार्ब्युरेटर काढला, फुंकला, धुतला, बसवला. झाकण उघडायच्या आधी मात्र त्याने कुंकवाला हात लावून नमस्कार केला आणि कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून कडेकडेने बोटं लावून अलगद उघडलं. मशीन सुरू झालं. मेकॅनिक खूश, हे खूश. तो गेटाबाहेर पडला असेल-नसेल, मशीन बंद. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

इकडे आबांचा उपाय वेगळाच चालू होता. पूजेत काही उणं राहिलं असं त्यांच्या मनाने घेतलं. मशीन बंद पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाटी घेऊन यायचे आणि कालच्या कुंकवावर आजचं कुंकू लावायचे. त्या कपाळावर थर चढत गेले. आमचे हे देवाधर्माचे नाहीत, पण दर रविवारी मशीन फडक्याने लख्ख पुसताना तेवढी जागा सोडून द्यायचे. कुंकू कोण पुसणार? घरात कोणाच्या मनातही आलं नसतं. माझ्याही नाही.

ह्या सगळ्यात गवत मात्र बिघडलं नव्हतं. ते वाढत होतं. आणि नेमकी तेव्हाच लेकीची नवीन गाडी आली. आमच्या दारात एकच गाडी मावते, दुसरी रस्त्यावर. लेक म्हणाली, "आबा, लॉजिकली बघा ना. लॉन मेन्टेन होत नाहीये, मशीन चालत नाहीये. पेव्हर ब्लॉक टाकले तर दोन गाड्या आरामात बसतील." हे तर तयारच होते. वर त्यांना भीती होती की आबा कधीतरी ओल्या गवतावर घसरतील. भीती खोटी नव्हती. मीही सुरुवातीला मान डोलावली, कारण चिखलाचे पाय माझ्या फरशीवर उमटतात, ह्यांच्या नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औत चाललं तर?"

"चाललं तर ठेवू," हे म्हणाले. "पाडव्याच्या सकाळी सगळं गवत एका दमात कापून दाखवा. मध्ये बंद पडलं तर दिवाळीनंतर ब्लॉकवाला येईल."

"चालंल," आबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

त्या दिवसापासून व्हरांड्यातली त्यांची खुर्ची फिरली. रोज हिरवळीकडे तोंड करून बसणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. जेवताना अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. गोठेवाला रस्त्यात भेटला तर म्हणाला, आबा दिसत नाहीत हल्ली, बरं आहे ना? एवढी शेती गेली तेव्हा हा माणूस अंगठ्याची शाई पुसून शांतपणे घरी आला होता म्हणतात. आता हा तुकडा गेला तर आबांनी सकाळी उठून करायचं काय? आमच्या दोन गाड्यांना सरळ सरळ म्हणत बसायचं? पेव्हर ब्लॉकचं मत मी त्या दिवशीच बदललं. बोलले नाही, कारण बोलून मशीन सुरू होत नाही.

दिवाळी तोंडावर आली. एका दुपारी मी चकल्यांचा घाट घातला होता. तेलाचा नवीन डबा काढला, घाईत एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि कढईवर तिरका केला. तेल जरा आलं, गुडगुडलं, अडलं, परत जरासं आलं, थांबलं. मी सवयीने समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. हवा आत गेली आणि तेल धार धरून आलं. 

आणि मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. अगं बाई! उसासा!

हवेचा दाब हा धडा मी किती पिढ्यांना शिकवला असेल. ग्लासावर पुठ्ठा ठेवून तो उलटा करून दाखवला आहे, पोरांच्या अंगावर पाणी सांडेपर्यंत. टाकीतलं पेट्रोल खाली जायचं तर त्याच्या जागी वरून हवा यायला हवी. ती यायला झाकणाला भोक असणारच. ते बुजलं की पेट्रोल थोडा वेळ उतरणार आणि मग अडकणार, माझ्या तेलासारखं. झाकण उघडलं की फुस्सकन हवा आत, आणि मशीन पुन्हा पारिजातकापर्यंत! काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळशावर कुंकूही आम्हीच लावलेलं.

चकल्या तशाच ठेवल्या. पुण्यात कुठलंही गुप्त काम करायला दुपारच्यासारखी वेळ नाही. हे पंख्याखाली घोरत होते, लेक ऑफिसला, आबा व्हरांड्यातल्या खुर्चीत तोंडावर टोपी ठेवून झोपलेले. मी मागच्या दाराने, आबांच्या समोरच्या भिंतीलगतच्या मशीनच्या शेडमध्ये गेले आणि झाकण काढलं. कुंकवाचा थर नखाएवढा जाड झाला होता. आतल्या बाजूने तोंड लावून फुंकलं. हवा जाईना. मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि त्या भोकात घालून फिरवत राहिले. आधी तेलकट लाल गोळी निघाली, मग पिवळी. परत फुंकलं. गेली! हवा आरपार गेली. तोंडात पेट्रोलची चव आली, पण त्या क्षणी मला ती अमृतासारखी लागली.

वरचं कुंकू मी पुसलं नाही. फक्त मधोमध पिनेएवढं भोक राहिलं. झाकण लावून उजेडात आले, तर आबांच्या तोंडावरची टोपी तशीच होती.

सांगायचं का, हा पुढचा प्रश्न. सांगितलं असतं तर माझी कॉलर ताठ झाली असती, हे खरं. ह्यांचं "तुला नाही कळायचं" सव्याज परत करायची चांगली संधी होती. पण मग सगळ्यांना कळलं असतं की आबांच्या पूजेनेच औताचा गळा धरला. आमच्या घरात चेष्टेला विषय मिळाला की तो वर्षानुवर्षं पुरवून वापरतात. पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला कोणीतरी म्हणणार, "आबा, जपून, नाहीतर गाडीपण बंद पाडाल." त्यांनी ते बोट किती भक्तीने टेकवलं होतं ते मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेलं. माझ्याच्याने झालं नाही.

संध्याकाळी हे म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय कुठून तरी."

"तुमच्या डोक्यातून येत असेल. दुसरं काय आहे तिथे?" मी म्हटलं.

पाडव्याची सकाळ उजाडली. अभ्यंगस्नान, फराळ सगळं आटपून हे घड्याळ बांधून अंगणात उभे राहिले, कारखान्यात तपासणीला उभे राहावं तसे. लेक पायरीवर बसली. तिचं तोंड उतरलं होतं. तिलाही आजोबा हरायला नको होते, फक्त गाडी लावायला जागा हवी होती. आबा धुवट धोतर, नवी टोपी घालून बाहेर आले. त्यांच्या हातात कुंकवाची वाटी होती. तेलात कालवलेली, ताजी.

म्हणजे आता आबा परत झाकणावर बोट ठेवणार, भोक बुजणार, आणि पारिजातकापाशी सगळं संपणार. आणि मी तोंड उघडलं तर सगळ्यांसमोर आबांचं हसं.

"आबा, थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या गच्चीतल्या बाईने वाकून पाहिलं. "आधी ओवाळायचं!"

"कुणाला?"

"तुम्हाला. पाडव्याला मुलगी वडिलांना ओवाळते. आमच्या पेठेत असंच असतं. बसा इथे पाटावर. अगं, निरांजन आण! अहो, बघताय काय, बाजूला व्हा!"

आबांना मुलगी नाही. ह्या घरात पाडव्याला मी ह्यांना ओवाळते, पुढे लेक ह्यांना ओवाळायला लागली, पण आबांना ओवाळायचं ह्या इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. ते गोंधळून पाटावर बसले. मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि त्यांच्या कपाळावर कुंकू लावलं. थोडं उरलं होतं, तेही लावलं. वाटी रिकामी व्हायलाच हवी होती. शेवटी ते जत्रेत गुलाल खेळून आल्यासारखे दिसायला लागले. आबा समोर बघत बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"ओवाळनी काय देऊ, बाई?" त्यांनी विचारलं.

"आधी गवत कापा," मी म्हटलं. "मग बघू."

त्यांनी दांडा धरला. दोरी ओढली, नुसतंच गुरगुरलं. परत ओढली. तिसऱ्यांदा धडधडून सुरू झालं आणि आबा निघाले. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी. पारिजातक आला. आबांचा वेग कमी झाला, हे पुढे झुकले, लेक उभी राहिली. आणि पारिजातक मागे गेला! कडेपर्यंत गेले, वळले, परत आले, परत गेले. एकाशेजारी एक सरळ तास पडत होते आणि कापलेल्या गवताचा वास सुटला होता.

"बघितलंस? कार्ब्युरेटरच होता. थोडा वेळ लागतो सेट व्हायला," हे म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. ह्या दोन अक्षरांना मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत.

शेवटची एक पट्टी उरली तेव्हा आबा थांबले. मशीन चालूच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून हात केला. "पोरी, हिकडं ये."

मी मागे वळून पाहिलं, लेकीला बोलावतात की काय.

"तुलाच. ये."

मी चपला काढून गवतात गेले. मशीनच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नव्हतं. आबा वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "त्या दुपारी टोपीच्या भोकातनं बघत हुतो मी. टोपनात पिन घालून फिरवत हुतीस. तुझं झाल्यावर जाऊन बघितलं. म्हनलं, आता ही घरभर सांगंल. न्हाई सांगितलंस."

माझी मान खाली गेली. "मग आज परत वाटी घेऊन कशाला आलात?"

"दांड्याला लावनार हुतो. तू ऐकून घेशील तर ना!" ते हसले. मग हसू थांबलं. "पन ओवाळून घ्यायला लई बरं वाटलं."

आबांनी माझा हात धरून दांड्यावर ठेवला, दुसराही ठेवला. पायरीवरून हे ओरडले, "आबा, अहो, औताला बाईमाणसानं..."

"गप ऱ्हा," आबा म्हणाले. "माज्या लेकीची ओवाळनी हाय."

दांड्याची धडधड कोपरापर्यंत येत होती. मी चालायला लागले. मशीन वाटलं होतं त्याहून जड होतं आणि सारखं पारिजातकाकडे ओढत होतं. माझा तास असा काही वाकडा गेला की मध्ये गवताची अख्खी शेंडी उभी राहिली. आबा माझ्यामागून चालत होते, अगदी कडेपर्यंत आले, आणि एकदाही सरळ धर म्हणाले नाहीत.